थेम्सवरचे तीन दिवस आणि लॉकचा हिशेब

इंग्लंडमध्ये सोमवारचा बँक हॉलिडे जवळ आला की मित्रमंडळींच्या ग्रुपवर बेत शिजू लागतात. नदीवर जायचे ठरले तर पहिला बेत हमखास मोठा असतो : ऑक्सफर्डला बोट ताब्यात घ्यायची, विंडसरचा किल्ला गाठायचा, वाटेत हेन्ली आणि मार्लो पाहायचे, सोमवारी संध्याकाळी घरी. गाडीने हे अंतर तास-सव्वा तासाचे, म्हणजे बोटीने दोन-तीन दिवस तर डोक्यावरून पाणी, असा हिशेब कोणीतरी मांडतो आणि बाकीचे माना डोलावतात. नोकरी-शिक्षणासाठी लंडन, स्लाव, रेडिंग भागात असलेल्या किंवा उन्हाळ्यात लेकीसुनांकडे येणाऱ्या मराठी मंडळींनी असा बेत पक्का करण्याआधी जरा आकडेमोड करावी. नदीवर किलोमीटर मोजून भागत नाही. तिथे तास मोजायचे आणि लॉक मोजायचे. ते नीट मोजले, तर तीन दिवसांत जेवढा पल्ला सहज झेपेल असे वाटते, त्याच्या तिसऱ्या हिश्शावर थांबणेच शहाणपणाचे ठरते. हा लेख त्या छोट्या पल्ल्याची बाजू मांडतो.

आधी ऑक्सफर्ड-विंडसरचाच हिशेब करू. नदीच्या वळणावळणांनी हे अंतर सुमारे ११० किलोमीटर भरते. भरती-ओहोटी जिथे पोचत नाही त्या थेम्सवर, म्हणजे टेडिंग्टनच्या वरच्या सगळ्या नदीवर, वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे. झपाझप चालणारा माणूस काठावरून तुमच्या बरोबरीने येऊ शकेल. प्रत्यक्षात उभ्या करून ठेवलेल्या बोटी, वल्हवणारे, हंसांची पिल्ले यांच्याजवळून जाताना वेग आणखी उतरवावा लागतो, तेव्हा सरासरी ६-७ धरा. म्हणजे निव्वळ चालण्याचे १६ ते १८ तास. त्यात इफ्लीपासून बोव्हनीपर्यंत २३ लॉक. एका लॉकला, रांग नसेल तर, १५-२० मिनिटे जातात. म्हणजे आणखी सहा-सात तास. एकूण झाले सुमारे २४ तास, आणि हे फक्त जाण्याचे. भाड्याची बोट जिथून घेतली तिथेच परत द्यायची असते, ही गोष्ट बेत आखताना निम्मे लोक विसरतात. जाऊन-येऊन ४५-५० तासांचे सुकाणू तीन दिवसांत कोणी धरत नाही.

शिवाय ते तीन दिवससुद्धा पूर्ण तीन नसतात. आठवड्याच्या शेवटी मिळणाऱ्या बोटी बहुतेक ठिकाणी शुक्रवारी दुपारी ताब्यात मिळतात आणि सोमवारी सकाळी, नाश्त्याच्या सुमारास, परत मागतात. शुक्रवारी सामान चढवणे, कंपनीच्या माणसाकडून इंजिन, गॅस, पाण्याची टाकी आणि संडासाची टाकी समजून घेणे, दहा मिनिटे त्याच्यासमोर बोट चालवून दाखवणे यात संध्याकाळ होते. अंधारात बोट चालवायला कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत. म्हणजे पूर्ण दिवस हातात उरले ते शनिवार आणि रविवार. त्या दिवसांनाही दोन्हीकडून कात्री लागते : लॉकवरचे कर्मचारी उन्हाळ्यात साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असतात, मध्ये तासभर जेवणाची सुटी. त्यांच्या गैरहजेरीत लॉक स्वतः चालवता येते, पण नवख्यांचा त्यात दुप्पट वेळ जातो. काठावरच्या मुक्कामाच्या जागा बँक हॉलिडेच्या दिवशी दुपारी चार-पाचपर्यंत भरून गेलेल्या असतात. तेव्हा प्रवासाला दिवसाचे पाच-सहा तास धरा. दोन दिवसांचे दहा-बारा, त्यातले निम्मे परतीचे. तळापासून पाच-सहा तासांवर जे ठिकाण असेल, ती तुमची लक्ष्मणरेषा.

लॉकमध्ये वेळ का जातो, हे एकदा समजून घेतले म्हणजे या हिशेबाचा राग येत नाही. नदीला उतार असतो. बंधारे घालून तिच्या पायऱ्या केलेल्या असतात आणि एका पायरीवरून दुसरीवर बोट नेण्यासाठी दोन्ही टोकांना दारे असलेला हौद म्हणजे लॉक. थेम्सवर असे ४५ लॉक आहेत. हिरवा इशारा मिळाला की हळूच आत शिरायचे, इंजिन बंद करायचे, पुढचा आणि मागचा दोर काठावरच्या लोखंडी खुंटाला वळसा घालून टोक हातात धरायचे. इथे एक गोष्ट जीवावरची आहे : दोराला गाठ मारायची नाही. खाली उतरताना पाणी मीटर-दीड मीटर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, ओसरते. गाठ मारलेली बोट दोरावर एका बाजूने लटकू लागते, कपाटातली भांडी घरंगळतात आणि मग सुरी शोधण्याची धावपळ होते. वळसा घातलेला दोर मात्र हातातून इंचाइंचाने सोडता येतो. वर चढताना उलटे; पाणी फसफसत आत येते, बोट पुढे-मागे हिसके देते आणि सैल पडणारा दोर सतत ओढून घ्यावा लागतो. भिंतीवर शेवाळाची ओली रेघ कुठवर आहे ते पाहिले की आपण किती चढणार-उतरणार ते कळते. उतरताना मागच्या दाराच्या पायथ्याशी एक उंबरा पाण्याखाली दडलेला असतो. बोटीचे बूड त्यावर टेकू नये म्हणून काठावर रंगवलेल्या खुणेच्या पुढे राहायचे. हे सगळे शिकायला अवघड नाही, पण घाईत करायचे काम नव्हे. आणि बँक हॉलिडेच्या शनिवारी दुपारी गजबजलेल्या लॉकबाहेर तुमच्यापुढे सहा-सात बोटी असू शकतात; शुक्रवारी संध्याकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर उभे राहिलेल्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

ही गर्दी नवी नाही. सर जॉन लबक यांच्या पुढाकाराने १८७१ साली बँक हॉलिडेचा कायदा झाला, रेल्वे त्याआधीच थेम्सकाठच्या गावांत पोचली होती, आणि सुटीच्या दिवशी लंडनकर नदीवर लोटू लागले. एडवर्ड जॉन ग्रेगरी यांचे बोल्टर्स लॉकचे प्रसिद्ध चित्र १८९० च्या दशकातले. मेडनहेडजवळच्या त्या लॉकमध्ये रविवारी दुपारी पंखे, छत्र्या आणि होड्या यांची अशी दाटी आहे की पाणी दिसायला जागा नाही. आज छत्र्या गेल्या, दाटी राहिली. मात्र सगळे बँक हॉलिडे सारखे नसतात. ईस्टर लवकर आला तर नदी अजून हिवाळ्याच्या पाण्याने भरलेली आणि रात्री गारठ्याच्या. मेचा पहिला सोमवार माझ्या मते नवख्यांसाठी सगळ्यांत चांगला : झाडे नुकती पालवलेली, उजेड साडेआठपर्यंत, गर्दी मध्यम. मेच्या शेवटच्या सोमवारी शाळांची आठवड्याची सुटी सुरू होते, त्यामुळे बोटी महिनोन्‌महिने आधी जातात. ऑगस्टचा सोमवार पूर्वी महिन्याच्या सुरुवातीला असे, तो १९६५ पासून शेवटी ढकलला गेला. हवा तेव्हा उबदार असते, पण सूर्य आठलाच मावळतो आणि त्याच आठवड्याअखेर रेडिंगला नदीकाठीच मोठा संगीत महोत्सव भरतो. त्या दिवसांत रेडिंगचा नाद सोडावा.

एरवी मात्र रेडिंगसारखे सोयीचे ठिकाण नाही, आणि छोट्या पल्ल्याचे उदाहरण म्हणून मी रेडिंग ते हेन्ली हाच तुकडा सुचवीन. अंतर सुमारे १५ किलोमीटर, लॉक चार : कॅव्हरशम, सॉनिंग, शिपलेक आणि मार्श. रांगा धरूनही चार तासांत होणारा प्रवास. कॅव्हरशम लॉकखाली थोड्या वेळात उजव्या हाताला केनेट नदी येऊन मिळते. तिच्यात शिरायचा मोह टाळा, कारण ती शहराच्या पोटातून जाते आणि तिथे बोटींना चक्क बटण दाबून सिग्नलची वाट पाहावी लागते. मौज आहे, पण या वेळी नको. शुक्रवारी संध्याकाळी तास-दीड तासात सॉनिंग गाठता येते : अठराव्या शतकातला विटांचा कमानदार पूल, जुने चर्च आणि दाट झाडी. शनिवारी सकाळी शिपलेककडे निघालात की लॉडन नदी मिळते आणि पात्र रुंदावते. मार्श लॉकपाशी बंधाऱ्यावरून जाणारी लांबच लांब लाकडी पायवाट आहे. बोट बाकीच्यांच्या हाती सोपवून एखाद्याने मुद्दाम उतरून ती चालावी. दुपारी जेवायला हेन्ली. तिथला १७८६ चा पूल नीट पाहा : मधल्या कमानीवर दोन्ही बाजूंना थेम्स आणि आयसिस यांचे दगडी मुखवटे आहेत, अ‍ॅन डेमर या शिल्पकार बाईंनी घडवलेले. एक बाजू बोटीतूनच धड दिसते. पुलाच्या खालचा सरळसोट पट्टा म्हणजे १८३९ पासून चालत आलेल्या हेन्ली रेगाटाची शर्यतवाट. टेंपल आयलंड ओलांडून हॅम्बल्डनच्या पांढऱ्या लाकडी गिरणीपर्यंत जा आणि लॉकमध्ये न शिरता वळून परत या. तिथून पुढे मार्लोला जायला अजून तीन लॉक आहेत, म्हणजे जाऊन-येऊन सहा. ते पुढच्या वेळी.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. बोटीचे भाडे बँक हॉलिडेला चढलेले असते, वर अनामत. एवढे मोजून पंधरा किलोमीटर जायचे? पण भाडे दिवसांचे असते, अंतराचे नसते, आणि लांब गेल्याने त्या पैशाचे मोल वाढत नाही. उलट, दिवसभर सुकाणू धरून आणि दहा लॉकचे दोर ओढून थकलेली मंडळी संध्याकाळी जेवून आडवी होतात. बोट भाड्याने घेण्याची खरी कमाई असते ती सहानंतर. लॉकवरचे लोक घरी जातात, दिवसभराच्या छोट्या बोटी परततात, नदी रिकामी होते, आणि मेमध्ये पुढे दोन-अडीच तास उजेड उरतो. चार वाजता बोट बांधून टाकणाऱ्याला हे तास मिळतात. विंडसरच्या मागे लागलेल्याला त्या वेळी मुक्कामाची जागा शोधायची असते. जेरोम के. जेरोम यांच्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या १८८९ च्या पुस्तकाची आठवण या विषयात निघतेच. त्यातल्या तिघा मित्रांनी किंग्स्टन ते ऑक्सफर्ड आणि परत या प्रवासाला दोन आठवडे धरले होते, आणि तरीही परतीच्या वाटेवर पाऊस लागल्यावर पँगबर्नला बोट सोडून त्यांनी लंडनची गाडी पकडली. पुस्तक वाचून त्याच वाटेने निघणारे लोक तीन दिवसांत तेच करू पाहतात, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. एवढेच जायचे तर हॉटेलात राहून दुपारी दोन-चार तास होडी घ्यावी, रात्री बोटीत अवघडून का झोपायचे? ज्यांच्यासोबत ऐंशीच्या घरातले आईवडील आहेत किंवा दोन-तीन वर्षांची मुले आहेत, त्यांनी बेलाशक तसेच करावे. बोटीचे जिने उभे असतात, बाथरूम कपाटाएवढे, आणि लहान मुलामागे कोणीतरी अखंड उभे राहावे लागते. अशांसाठी हेन्लीत तासावर मिळणाऱ्या विजेच्या बोटी आहेत, आणि ऑक्सफर्डहून १८५८ पासून चाललेल्या सॉल्टर्स कंपनीच्या प्रवासी बोटी आहेत. बसून राहायचे, वल्हे नाही की दोर नाही. केंब्रिजला कॅम नदीवर बांबूसारख्या लांब काठीने ढकलायचे पंट मिळतात. तो अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे, त्याला सहल म्हणण्यात अर्थ नाही, पण मित्रांची फजिती पाहायला बरा. हातीपायी धड असलेल्या चार-पाच मित्रांनी मात्र बोटीतच राहावे. त्यातही एक सूचना : सहा जणांची म्हणून जाहिरात केलेल्या बोटीत चौघांनी जावे. उरलेले दोन बिछाने जेवणाचे टेबल मोडून तयार होतात, आणि रोज रात्री टेबल मोडायचे व सकाळी मांडायचे यावरून मैत्रीची परीक्षा होते.

तिसरे म्हणणे असे की लॉकचाच त्रास असेल तर लॉक नसलेली नदी निवडा. अशा नद्या आहेत. नॉर्फकमधल्या ब्रॉड्‌सच्या बहुतेक सगळ्या जलमार्गावर लॉक नाहीत. तिथली पसरट तळी नैसर्गिक वाटतात, पण ती मध्ययुगात इंधनासाठी पीट खणून झालेल्या आणि पुढे पाण्याने भरलेल्या खाणी आहेत, हे १९५० च्या दशकात जॉइस लँबर्ट यांनी दाखवून दिले. नॉरिचहून आगगाडीने हॉव्हटन अँड रॉक्सम स्टेशनला उतरले की बोटींचे तळ चालत जाण्याच्या अंतरावर. पण लॉक नसले म्हणून हिशेब संपत नाही. त्यांची जागा इथे भरती-ओहोटी आणि ठेंगणे पूल घेतात. पॉटर हायमचा मध्ययुगीन पूल इतका बुटका आहे की बहुतेक भाड्याच्या बोटी त्याखालून जातच नाहीत. दक्षिणेच्या नद्यांकडे जायचे तर ग्रेट यारमथमधून ओहोटीची वेळ साधून पलीकडे जावे लागते, तिथे प्रवाह जोराचा असतो. नवख्यांनी तीन दिवसांत उत्तरेच्या ब्यूर, अ‍ॅन्ट आणि थर्न या नद्यांवरच राहावे, म्हणजे पुन्हा पल्ला छोटाच. दुसरा पर्याय वाय नदीचा. तिथे रॉस-ऑन-वायपासून सायमंड्‌स यॅटपर्यंत कॅनू वल्हवत जाता येते, आणि भाड्याने देणारेच गाडीने परत आणतात, त्यामुळे परतीचे तास वाचतात. अठराव्या शतकात रॉसहून चेपस्टोपर्यंत दोन दिवसांच्या बोटसहली निघत; विल्यम गिल्पिन यांनी १७७० साली तो प्रवास केला, १७८२ साली त्यावर पुस्तक छापले आणि निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी प्रवासाला निघायची टूमच इंग्लंडभर पसरली. फक्त एक लक्षात ठेवा : सायमंड्‌स यॅटच्या खाली खळाळ आहे, त्याच्या आधी काठाला लागायचे. आणि तंबू, धान्य, कोरडे कपडे सगळे कॅनूत असेल तेव्हा दिवसाला १२-१५ किलोमीटर खूप होतात.

आता पावसाचे. इंग्लंडच्या उन्हाळ्याचा भरवसा धरू नये हे तिथे राहणाऱ्याला सांगायला नको. पण डोक्यावर पडणाऱ्या पावसापेक्षा वरच्या खोऱ्यात आधीच्या आठवड्यात पडलेला पाऊस महत्त्वाचा. पर्यावरण खात्याची एन्व्हायर्नमेंट एजन्सी थेम्सच्या प्रत्येक लॉकवर प्रवाहाचे फलक लावते आणि त्यांची स्थिती इंटरनेटवरही पाहता येते. पिवळा फलक दोन प्रकारचा असतो, प्रवाह वाढतो आहे किंवा ओसरतो आहे. दोन्ही वेळी वल्ह्याच्या होड्यांनी निघू नये आणि इंजिनवाल्यांनी सांभाळून जावे. लाल फलक म्हणजे प्रवाह जोरदार. असाल तिथे सुरक्षित काठाला लागा. लाल फलक असताना कंपन्या बोट तळावरून हलवू देत नाहीत. अशा वेळी पैसे परत मिळतात, तारीख बदलून मिळते की तळावरच बोटीत राहायला सांगतात, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी अटींमध्ये वाचून घ्या. छोट्या पल्ल्याचा फायदा इथे रोकडा दिसतो : अर्धा दिवस पावसात गेला तरी रेडिंग-हेन्लीचा बेत कोलमडत नाही, सॉनिंगला एक दुपार जास्त काढायची एवढेच. ऑक्सफर्ड-विंडसरवाल्याला मात्र तोच अर्धा दिवस भरून काढायला जोराच्या पाण्यात, अंधार पडेपर्यंत बोट हाकावी लागते, आणि नवख्यांचे अपघात होण्याची नेमकी तीच वेळ.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना पोहता येत नाही आणि तेवढ्यासाठी ते मागे राहतात. मागे राहायचे कारण नाही, पण लाइफजॅकेट बाकाखाली ठेवायची वस्तू नव्हे. कंपनीकडून ती प्रत्येकाच्या मापाची मागून घ्या आणि डेकवर असेपर्यंत घाला, पोहणाऱ्यांनीसुद्धा. मेमध्ये ऊन छान असले तरी नदीचे पाणी थंडगार असते. अचानक पडणाऱ्याचा श्वास अडखळतो आणि उत्तम पोहणाराही पहिल्या मिनिटात पाणी गिळतो. अशा वेळी हातपाय मारू नयेत, डोके मागे टाकून, हातपाय पसरून तरंगत राहावे आणि श्वास ताळ्यावर आला की मग काठाकडे वळावे, असा तिथल्या आरएनएलआय या जीवरक्षक संस्थेचा सल्ला आहे. बोट काठाला किंवा दुसऱ्या बोटीला धडकते आहे असे वाटले तर हात किंवा पाय मध्ये घालू नका. कित्येक टनांची वस्तू पायाने थांबत नाही, पाय मात्र मोडतो. बोटीला ब्रेक नसतो. थांबायचे तर आधीच वेग कमी करून उलटा गिअर टाकायचा, आणि काठाला लागायचे ते नेहमी प्रवाहाकडे तोंड करून. बंधाऱ्याकडे नेणारी वाट आणि लॉककडे नेणारी वाट फलकावर दाखवलेली असते, ती न वाचता पुढे जाऊ नये. नदीच्या उजव्या अंगाने चालायचे. समोरून वल्हवत येणाऱ्या लांब होडीतल्या बहुतेकांची पाठ तुमच्याकडे असते, त्यांना तुम्ही दिसत नाही. सावध राहायचे ते तुम्हीच. जोराच्या पावसानंतर सांडपाणी नदीत सोडले जाते, तेव्हा त्या दिवसांत पाण्यात उतरू नका आणि दोर हाताळल्यावर जेवणाआधी हात धुवा. दारूबद्दल एवढेच : बोट बांधल्यावर.

मित्रांमध्ये कामांची वाटणी निघायच्या आधी करावी. एक जण सुकाणूवर, एक पुढच्या दोरावर, एक मागच्या. दर दोन लॉकनंतर अदलाबदल. एकालाच सुकाणू चिकटून राहिले की दुसऱ्या दिवशी बाकीचे प्रवासी होतात आणि तो तांडेल. निर्णय मात्र एका वेळी एकाचाच चालावा, कारण लॉकमध्ये शिरताना तिघांनी तीन सूचना दिल्या तर बोट चौथ्याच दिशेला जाते. स्वयंपाकघर छोटे पण पुरेसे असते. झणझणीत फोडणी बंद केबिनमध्ये देऊ नका. धुराची घंटा वाजते आणि मिरचीचा ठसका रात्रभर पांघरुणात राहतो. धपाटे, लसणीची चटणी, दडपे पोहे, दहीभात यांवर दोन दिवस सहज निघतात. पाणी टाकीतले असते, तेव्हा खरकटी भांडी कमी निघतील असेच पदार्थ करावेत. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत आणणे मात्र सक्त वर्ज्य : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एकदा तरी काठावरच्या पबमध्ये जेवायचे असेल तर रविवारच्या दुपारचे टेबल आठवडाभर आधी सांगून ठेवा. त्या दिवशी संध्याकाळी बऱ्याच पबांचे भटारखाने लवकर बंद होतात. ग्रुप सगळा विशीतल्या विद्यार्थ्यांचा असेल तर कंपनीला आधीच तसे सांगा. अनेक कंपन्या ठरावीक वयाखालच्या किंवा नुसत्या मुलामुलांच्या गटाला बोट देत नाहीत, किंवा अनामत वाढवतात, आणि हे शुक्रवारी धक्क्यावर कळले तर उपाय नसतो. बोट चालवण्याचा परवाना मात्र तुम्हाला लागत नाही.

राहिली रेल्वे. रेडिंग-हेन्ली पट्ट्याचा मोठा गुण असा की उशिरा सुटणारा किंवा लवकर परतणारा मित्र अडकत नाही : सॉनिंगचा मुक्काम रेडिंग स्टेशनपासून टॅक्सीच्या अंतरावर, हेन्ली, शिपलेक आणि वॉरग्रेव्ह ही तिन्ही ट्वायफर्डहून फुटणाऱ्या छोट्या फाट्यावर. पण रूळदुरुस्तीची मोठी कामे इंग्लंडमध्ये नेमकी बँक हॉलिडेला काढली जातात, तेव्हा तिकिटे घेण्याआधी त्या तीन दिवसांचे वेळापत्रक वेगळे पाहा. सोमवारी सकाळी बोट परत करताना डिझेलचा हिशेब, टाक्या, झाडलोट यात अर्धा-पाऊण तास जातो आणि उशीर झाल्यास दंड लागतो. म्हणून रविवारची रात्र तळापासून तास-दीड तासाच्या आत, आणि शक्य असेल तर शेवटचे लॉक ओलांडून काढावी. नाहीतर ते लॉक सोमवारी सकाळी नऊपूर्वी तुम्हाला स्वतःच चालवावे लागेल, आणि परतायची घाई असलेल्या इतर बोटीही त्याच वेळी तिथे येतील.